ट्रॅक्टरची वाटणी

घरतांच्या घरात वाटणी झाली ती शिमग्यानंतर. भांडी झाली, आंबा झाला, शेत मोजून झालं, पडवीतल्या कोनाड्यांचीसुद्धा वाटणी झाली. धाकट्याची चूल मागच्या दारी गेली. एवढं सगळं आवाज न चढवता पार पडलं याचं गव्हाण गावातल्या लोकांना थोडं वाईटच वाटलं असणार. पण अंगणात ट्रॅक्टर उभा होता, आणि लोक थांबले होते ते त्याच्यासाठी.

हा ट्रॅक्टर दाजी घरतानं विकत आणला नव्हता, जमवला होता. बैल विकल्यावर दोन वर्षं तो कळंबोलीच्या भंगारात फिरला. एका कंपनीचे, एका जातीचे तीन मेलेले ट्रॅक्टर त्यानं हेरले. एकाचं इंजिन घेतलं, दुसऱ्याचा गिअरबॉक्स, तिसऱ्याची चाकं आणि पत्रा, आणि त्यातून एक जिवंत ट्रॅक्टर उभा केला. त्याचे दोन्ही मुलगे या कामातच शिकले. थोरल्या काशिरामचा हात इंजिनावर बसला, धाकट्या हरेशचा मागच्या अंगावर. एकाच ट्रॅक्टरच्या दोन टोकांना दोघं भाऊ वाढले म्हटलं तरी चालेल. बिनसलं ते गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकारकडून मिळणाऱ्या प्लॉटवरून. हरेशला तो बिल्डरला द्यायचा होता आणि पनवेलात राहायला जायचं होतं. काशिराम म्हणत होता, पहिली जमीन गेली ती पुरे झाली.

पंचांनी सांगितलं, ट्रॅक्टर विका आणि पैसे वाटून घ्या. दोघांनीही नाही म्हणून माना हलवल्या. एकानं ठेवावा आणि दुसऱ्याला नांगरून द्यावं, असंही एकजण म्हणाला. त्यावर तर दोघं एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते.

दाजी ओट्यावर बसला होता. इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेल्यानं त्याला कमी ऐकू यायचं, पण एवढं त्याला कळलं. तो ओरडला, "मंग फारा मधोमध! फारा आनि घेऊन जावा!" आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या घरात हे बोलणं रागातच विरून गेलं असतं. या घरात नटबोल्ट खोलायचे पाने होते.

ट्रॅक्टर मधोमध फाटतो. क्लचचं काम निघालं की तो फाडावाच लागतो. पुढं इंजिन राहतं, मागं गिअरबॉक्स, आणि मधल्या जोडाचे बोल्ट काढले की दोन धडं अलग होतात. घरत भावांनी हे काम इतक्यांदा केलं होतं की त्यात काही विपरीत आहे असं त्यांना वाटलंच नाही. काशिराम उठला आणि म्हणाला, "वाटं मी पारतो. उचल तुजी." थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही गावची रीत. थोरल्यानं लबाडी करू नये म्हणून ती आहे, आणि एकदा उचललं की पुन्हा तोंड उघडायचं नाही, हा तिचा दुसरा भाग.

दुपारपर्यंत ट्रॅक्टर दोन जागी उभा होता. काशिरामला वाटलं होतं, हरेश इंजिन उचलणार. कुणीही तेच उचलेल. हरेश दोन्ही वाट्यांभोवती फिरला, मागच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "मना मागचा पायजे."

लोक खो खो हसले. "हऱ्यानं शेपटी उचलली!" असं कुणीतरी म्हणालं. हरेशचे कान लाल झाले, पण हात चाकावरून हलला नाही. काशिराम मात्र हसला नव्हता. भंगारात इंजिनं ढिगानं मिळतात, धड गिअरबॉक्स शोधून सापडत नाही, हे त्याच्या तेवढ्यात लक्षात आलं होतं. धाकट्यानं त्याला सगळ्या गावासमोर चितपट केलं होतं आणि गावाला ते कळलंही नव्हतं.

वाटणी सरळ व्हावी म्हणून जे ज्याला जोडलेलं ते त्याचं, असं काशिरामनं सांगितलं होतं. क्लचची प्लेट इंजिनाकडच्या चाकाला बसवलेली होती. ती इंजिनाबरोबर गेली. कुणी त्यावर काही बोललं नाही.

*

चैत्र संपत आला तशी काशिरामची बायको मैना भाताची रोपं करायच्या राबाची तयारी करू लागली. झाडाचा पाला, शेणी, गवत रचून तिनं राब भाजला. शेत उरलं होतं ते खाडीच्या बाजूचं, पण भात येत होतं. घरात वर्षाचा तांदूळ येत होता. बाजारातून तांदूळ आणायची वेळ या घरावर अजून आली नव्हती, आणि मैनेला ती येऊ द्यायची नव्हती.

"चिखलनी कशानं करनार?" तिनं विचारलं.

"मागलं धड आनतो."

"आनि नाय मिललं त?"

 लावणीआधी शेतात चिखल करायला गावात बैल उरले नव्हते. दुसऱ्यांचे दोन ट्रॅक्टर होते, ते स्वतःचं आणि सोयऱ्याधायऱ्यांचं करून श्रावणात मोकळे होणार. तोवर आवण, म्हणजे राबातलं रोप, म्हातारं होतं आणि म्हाताऱ्या आवणाला फुटवा येत नाही. तेव्हा पाऊस लागायच्या आत ट्रॅक्टर उभा राहिला नाही, तर यंदाचं भात गेलं, एवढा साधा हिशेब होता.

तो रोज सकाळी कळंबोलीला जाऊ लागला. वैशाखात भंगाराच्या आवारात पत्र्यावर हात ठेवला तर फोड यायचा. गॅसनं लोखंड कापल्याचा वास घशात बसायचा आणि घरी मैनेनं केलेलं जवळ्याचं कालवण त्याला गोड लागेनासं झालं. ट्रकांचे सांगाडे, बोटींचे पंखे, क्रेनची बोटं, सगळं होतं. गिअरबॉक्स होते तेही फुटलेले नाही तर दात गेलेले. शेवटी एका आवारात, पत्र्यांच्या ढिगामागे, त्याला अख्खा ट्रॅक्टर दिसला. खाणीवरचा होता. वरचा पत्रा चेपला होता, पुढच्या चाकांत हवा नव्हती, पण जात तीच, फक्त चार-सहा सालांनी धाकटा. काशिराम त्याच्याखाली पाठीवर सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

आवाराचा मुकादम कमळाकर वरून वाकून म्हणाला, "काय घरत, झोपलास काय?"

"याचं मागलं धड मना देनार?"

"शेठ बोलले, गिऱ्हाईक आहे त्याला." कमळाकर पनवेलचा होता आणि बोलणं शहरी करायचा. "पण ते तुझ्यासारखंच फुकटं आहे. पैसे नाहीत, काम करीन म्हणतं. तूपण कर. चार ट्रक खोलून दे आणि मागचं घेऊन जा."

"दुसरा कोन?"

"त्याला पुढचं पाहिजे." कमळाकर हसला. "तुझ्याच गावचा आहे."

पुढच्या सकाळी काशिराम आवारात शिरला तेव्हा हरेश आधीच एका ट्रकवर चढून केबिनचे बोल्ट काढत होता. त्यानं खाली पाहिलं, थोरल्या भावाला पाहिलं आणि पुन्हा पान्यावर जोर लावला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. शेठनं तो लाभ पुरेपूर घेतला. चाराचे सहा ट्रक झाले. घरचे मालक म्हणवणारे दोन भाऊ उन्हात परक्याचं भंगार खोलत होते, आणि पाणी प्यायला एकच रांजण होता तर एक गेला की दुसरा थांबायचा. काशिरामच्या तळहाताची साल निघाली. तो घरी येऊन हात खोबरेल तेलात बुडवून बसायचा. मैनेला राग यायचा, कोणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

"भावजी बोलतात काय?" तिनं एकदा विचारलं.

"कनाला बोलंल?"

"तुमी बोला."

"मी थोरला हाय."

"ता दिसतंय," मैना म्हणाली आणि चुलीकडे वळली.

ट्रक संपले आणि खाणीवरचा ट्रॅक्टर फाडायची वेळ आली. मधला जोड गंजून एकजीव झाला होता. एकट्यानं तो सुटणार नव्हता. पुढून एकानं धरायचं, मागून एकानं खेचायचं, आणि दोघांचा जोर एका क्षणी लागला पाहिजे, नाही तर गिअरबॉक्समधून पुढं येणारा शाफ्ट वाकतो. कमळाकरनं दोन हमाल देऊ केले. दोघंही एकदम "नको" म्हणाले. त्या महिन्याभरात ते एकत्र बोललेला तो एकच शब्द.

काशिराम पुढं गेला, हरेश मागं. दाजीनं त्यांना शिकवलं होतं की धडांच्या आडून आवाज पोचत नाही, तेव्हा हातोडीनं सांगायचं. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे लाव. काशिरामनं दोन ठोके दिले. मागून दोन आले. त्यानं पहारीवर अंग टाकलं. जोड करकरला, गंजाचा भुगा पडला, आणि बोटभर फट दिसली. मागून एक ठोका आला. काशिराम थांबला. हरेशला काहीतरी अडलेलं दिसलं होतं, ते त्यानं सोडवलं, पुन्हा दोन ठोके दिले. असं दुपार टळेपर्यंत चाललं. शेवटी मागचं धड चाकांवर हलकं मागं सरकलं तेव्हा काशिरामला इतकं बरं वाटलं की त्याच्या तोंडून "शाब्बास" निघणार होतं. त्यानं ते गिळलं. आता उघड्या जोडातून दोघं एकमेकांना समोरासमोर दिसत होते. हरेशनं फडक्यानं तोंड पुसलं आणि दुसरीकडे गेला.

*

दोन्ही धडं ट्रकवरून गव्हाणात आली. अंगणात मधून कारवीचं कूड घातलेलं होतं. कुडाच्या अलीकडं काशिरामचं जुनं इंजिन आणि खाणीवरचं मागचं धड, पलीकडं हरेशचं जुनं मागचं धड आणि खाणीवरचं इंजिन. लोक येऊन दोन्हीकडे डोकावून जायचे. पाऊस लागला होता. मैनेनं राबात बी टाकलं आणि ते वर आलं.

काशिरामनं घोड्या लावल्या, पातळी धरली आणि धड पुढं ढकललं. चार बोटं राहिली आणि अडलं. त्यानं मागं घेतलं, पुन्हा ढकललं. पुन्हा तिथंच अडलं. मग त्यानं टॉर्च लावून आत पाहिलं. त्याच्या प्लेटच्या भोकाला जाड दाते होते. खाणीवरच्या शाफ्टाचे दाते बारीक आणि जास्त होते. कंपनीनं मधल्या सालांत दाते बदलले होते.

तो पायरीवर बसला. बसल्या बसल्या सगळं डोक्यात जुळलं. प्लेट इंजिनाला बसते, पण ती खरी शाफ्टाची असते. शाफ्ट तिच्यातून जातो. जुनी प्लेट हरेशच्या शाफ्टाची होती आणि ती त्यानं स्वतःच्या इंजिनाबरोबर ठेवून घेतली होती. आणि त्याला हवी असलेली प्लेट खाणीवरच्या इंजिनाबरोबर कुडाच्या पलीकडं गेली होती. ताटाएवढ्या दोन चकत्या इकडच्या तिकडं झाल्या असत्या, तर दोन्ही ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत चालू झाले असते.

पलीकडेही आवाज नव्हता. म्हणजे हरेशलाही कळलं होतं.

पनवेलच्या दुकानदारानं सांगितलं, हे मॉडेल बंद झालं, पुण्याहून मागवतो, आलं तर आलं. काशिराम परत आला. मैनेला सांगितलं तेव्हा ती आधी हसलीच.

"मंग जावा ना. दारात त हाय."

"वाटनी मी केली. आता मीच जाऊन बोलू, चुकली म्हनून? सगला गाव बसला होता."

"गाव येनार काय तुमच्या ताटात वाढायला?"

"त्याला अडलंय ना? येंदे त्याला."

दिवस जात राहिले. कुडाच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री घातलेले दोन ट्रॅक्टर पावसात उभे होते. दाजी ओट्यावरून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायचा आणि त्याला विचारायचं असेल ते विचारायचा नाही. खरं म्हणजे त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटत होती. शेजारच्या शेतांत चिखळण्या सुरू झाल्या. लावणीची गाणी ऐकू आली की मैना दार लावून घ्यायची.

एका सकाळी ती राबातून आवणाची एक मूठ उपटून घेऊन आली आणि काशिरामच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी टाकली. मुळांचा चिखल जमिनीवर पसरला.

"बगा."

त्यानं एक काडी सोलून पाहिली. खाली कांडं धरायला सुरुवात झाली होती. आवण म्हातारं होत होतं.

"मी जाते भावजींकडं," मैना म्हणाली. "मना कसली लाज नाय. मना भात पायजे."

"नको." काशिराम उठला. "मी जातो."

त्यानं प्लेट पंचात गुंडाळली आणि काखेत धरून कुडाला वळसा घालून मागच्या दारी गेला. जाताना काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता. मागायला आलो असं वाटू नये. द्यायला आलो, असं म्हणावं. आणि मग तो आपणहून दुसरी देईल.

हरेश ट्रॅक्टरपाशी उकिडवा बसला होता. धडं फाडलेली होती. त्याच्यापुढं पोत्यावर प्लेटचे तुकडे पडले होते. काशिराम जवळ गेला आणि पाहतच राहिला. खाणीवरची प्लेट होती. तिचा मधला गोल गॅसनं कापून काढला होता आणि त्या जागी कुठल्यातरी ट्रकच्या प्लेटचा गोल जोडला होता. वेल्डिंग चहूकडून तडकलं होतं. चकती दोन ठिकाणी फुटली होती.

"कदी केलंस?" काशिरामनं विचारलं.

"काल पनवेलात करून आनली." हरेश वर न बघता म्हणाला. "रातीच बसवली. हातानं फिरवली आनि फुटली."

 काल. काल तो दिवसभर कुडाच्या अलीकडं बसून दोरी वळत होता.

"मना सांगाचं नाय?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तुना म्हाईत नव्हतं, तुजी पिलेट माज्याकडं हाय?"

"म्हाईत होतं."

"मंग का नाय आलास? मी दिली नसती?"

आता हरेशनं वर पाहिलं. डोळे लाल होते, जागरणानं की कशानं ते कळत नव्हतं. "काय बोलू येऊन? दादा, तुजी वाटनी चुकली, असा बोलू? तू पारलेलं वाटं. मी सगल्यांसमोर उचललं. बा तिथं बसलेला. धाकट्यानं थोरल्याची वाटनी चुकीची काढली, असा गाव बोलला असता. तुना चाललं असतं?"

 इतके दिवस काशिरामला वाटत होतं की पलीकडचा ताठा आपल्यासारखाच आहे. तो ताठा नव्हता. धाकटा त्याचा मान राखत होता, आणि त्या मानापायी एक चांगली प्लेट कापून बसला होता. काशिरामला रडू आलं. भावासमोर रडायचं नव्हतं म्हणून तो पंचाच्या गाठीशी खेळत राहिला.

पंचात काय आहे ते हरेशला दिसत होतं. त्यानं हात पुढं केला नाही. आता जगात एकच प्लेट होती आणि ती हरेशच्याच शाफ्टाला बसणार होती. ती दिली की हरेशचा ट्रॅक्टर चालू होणार आणि काशिरामचा मेला. नाही दिली तर दोन्ही मेले. एवढं दोघांनाही, न बोलता, समजत होतं.

काशिरामनं गाठ सोडली.

"सरक," तो म्हणाला. "इंजिनाकडं मी बघतो. तू मागं जा."

खाणीवरचं इंजिन त्याच्या हाताचं नव्हतं. चाकाला गंज होता, तो त्यानं पॉलिश पेपरनं घासून काढला. प्लेट मधोमध धरली, वरचं झाकण बसवलं, बोल्ट समोरासमोरचे आवळत गेला. मागून हरेशनं धड लोटलं. शाफ्ट प्लेटच्या दात्यांत शिरला. चार बोटांचं अंतर तीन झालं, दोन झालं, आणि जोडाला जोड टेकला. हरेशची बायको दमयंती दारात उभी होती. तिनं चहा आणला, दोन कप. काशिरामनं आपला कप घेतला, पण काम करतच प्यायला, म्हणजे बसून प्यायला असं व्हायला नको.

इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. खोकत लागलं, मग सावरलं. ओट्यावर दाजी उठून उभा राहिला. त्याला आवाज ऐकू आला असेल की ओट्याच्या जमिनीतून जाणवला असेल, कोण जाणे. तो कुडापाशी आला आणि ओरडून विचारू लागला, "कुनाचा चालू झाला? कुनाचा?"

"हऱ्याचा," काशिराम म्हणाला आणि हात पुसत आपल्या दाराकडे गेला.

त्यानं मैनेला सांगितलं.  तिनं पदर खोचला आणि राबाकडे निघून गेली. जे आवण आहे ते तरी काढून ठेवायचं होतं.

*

हरेशनं दुसऱ्या दिवशी लोखंडी जाळीची चाकं चढवली आणि शेतात उतरला. काशिरामला वाटलं, तो आधी स्वतःचं करील, आणि तसं केलं तर त्यात काही चूक नाही. पण हरेशनं आपल्या बांधापाशी ट्रॅक्टर थांबवलाच नाही. तो सरळ पुढं आला आणि काशिरामच्या शेतात घातला. विचारलं नाही, सांगितलं नाही. चिखल उलटा होऊ लागला. बगळे मागून धावू लागले.

काशिराम फळी घेऊन मागं चिखल सपाट करत चालला. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते आणि काढताना कंबरेत कळ जात होती. पुढं त्याच्या बापानं जमवलेला गिअरबॉक्स फिरत होता, आणि चालवणारा दुसऱ्या घरचा होता. त्याला बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं याचा त्याला राग येत होता. बांधावर मैना आणि दोन बाया आवणाच्या मुठी टाकत होत्या. काही काड्या पिवळ्या पडल्या होत्या. मैना त्या बाजूला काढत होती.

दुपारी मैनेनं फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुकटीची चटणी होती. तिनं भाकऱ्या रोजच्यापेक्षा जास्त थापल्या होत्या हे काशिरामला दिसलं.

"भावजींना बोलवा," ती म्हणाली.

काशिरामनं बांधावरून हाक मारली. "हऱ्या!" इंजिनाच्या आवाजात ती गेली नाही. मग त्याला चिखलातून चालत जावं लागलं, पार ट्रॅक्टरच्या चाकापर्यंत. तिथं तो मान वर करून उभा राहिला. हरेशनं ट्रॅक्टर थांबवला, इंजिन तसंच ठेवलं.

"भाकर खायाला ये," काशिराम म्हणाला.

हरेशनं सीटच्या मागं हात घालून स्टीलचा डबा काढून दाखवला. "डबा हाय माज्याकडं."

तो हे चांगल्या मनानं म्हणाला. बोलण्यात कुठं काटा नव्हता. वाटणी झाली होती, चूल वेगळी होती, दमयंतीनं सकाळी उठून डबा दिला होता, आणि तो परत नेला तर तिला वाईट वाटलं असतं. हे सगळं काशिरामला समजलं, आणि समजलं म्हणूनच जास्त लागलं.

"बरा," तो म्हणाला आणि आला तसा चिखलातून परत गेला.

"काय झालं?" मैनेनं विचारलं.

"त्यानं डबा आनलाय."

मैनेनं वर काढलेल्या भाकऱ्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या. काशिराम भाकरी हातात घेऊन बसला, पण तोडली नाही. शेतापलीकडे हरेश इंजिन बंद करून खाली उतरला, पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि आपल्या बांधावर जाऊन डबा उघडला. मग काशिरामनं पहिला घास घेतला. दोघे भाऊ एकाच वेळी जेवले, दोन बांधांवर.

जेवण झाल्यावर हरेशनं पुन्हा ट्रॅक्टर चालू केला आणि थोरल्याचं राहिलेलं शेत संपवलं.